प्लॅटिनमला पर्याय? इंधन घटातील धातू-ऑक्साइड उत्प्रेरकांविषयीच्या संशोधनाची चिकित्सा

सारांश

इंधन घटातील ऑक्सिजनच्या क्षपणासाठी प्लॅटिनमऐवजी धातूंची ऑक्साइडे वापरता येतील काय, या प्रश्नावर गेल्या अर्धशतकात विपुल संशोधन झाले आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनातील दाव्यांची माध्यम, पृष्ठभाग, कार्बनचा वाटा आणि मापनपद्धती या चार कसोट्यांवर चिकित्सा केली आहे. ऑक्साइडे निरुपयोगी आहेत असे लेखकाचे म्हणणे नाही; काही घटांत ती पूर्वीपासून यशस्वीपणे वापरली गेली आहेत. मात्र ‘प्लॅटिनमला पर्याय’ हा निष्कर्ष ज्या पुराव्यावर काढला जातो, तो पुरावा बहुधा त्या निष्कर्षाचा नसतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रास्ताविक

हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट विद्युत् निर्माण करता येते, हे विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये दाखविले. त्यानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी इंधन घट सर्वसामान्यांच्या व्यवहारात म्हणावा तसा आलेला नाही. याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक प्रमुख कारण ऑक्सिजनच्या बाजूचे आहे. आम्ल माध्यमात प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे ऑक्सिडीकरण अत्यंत वेगाने होते. ऑक्सिजनचे क्षपण मात्र मंद गतीने होते. या घटाचा सैद्धांतिक विभव २५ अंश सेल्सिअस तापमानाला १.२३ व्होल्ट आहे. प्रत्यक्ष भार घेताना तो ०.६ ते ०.७ व्होल्टपर्यंत उतरतो. या तोट्याचा मोठा भाग ऑक्सिजनच्या विद्युत् अग्रावर, म्हणजे कॅथोडवर होतो. तो कमी करण्यासाठी तेथे अधिक प्लॅटिनम घालावे लागते, आणि प्लॅटिनम महाग व दुर्मीळ आहे.

म्हणूनच मँगनीज, कोबाल्ट, निकेल, लोह यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडांकडे संशोधकांचे लक्ष वळले. आपल्याकडील रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान विभागांतूनही या विषयावर शोधनिबंध लिहिले जातात. त्यांचा क्रम साधारणतः ठरलेला असतो : सोल-जेल किंवा सहअवक्षेपण पद्धतीने ऑक्साइड तयार करणे, क्ष-किरण विवर्तनाने त्याची स्फटिकरचना निश्चित करणे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे देणे, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात प्रवाह-विभव आलेख काढणे आणि अखेरीस ‘सदर ऑक्साइड प्लॅटिनमला स्वस्त पर्याय ठरू शकेल’ असे नमूद करणे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता दिली. या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांची व प्रकल्पांची संख्या वाढणे त्यामुळे स्वाभाविक आहे. अशा वेळी वरील अखेरचे वाक्य कोणत्या पुराव्यावर उभे आहे, हे तपासणे अगत्याचे वाटते.

क्षपणाच्या दोन वाटा

ऑक्सिजनच्या रेणूचे क्षपण दोन मार्गांनी होऊ शकते. पहिल्या मार्गाने चार इलेक्ट्रॉन स्वीकारून पाणी (अल्कली माध्यमात हायड्रॉक्साइड आयन) तयार होते. दुसऱ्या मार्गाने दोनच इलेक्ट्रॉन स्वीकारले जाऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. या विक्रियेचा प्रमाण विभव सुमारे ०.७ व्होल्ट आहे. दुसरा मार्ग दोन कारणांनी तोट्याचा आहे. एक तर निम्मेच इलेक्ट्रॉन हाती लागतात. शिवाय पेरॉक्साइड व त्यापासून निघणारे मूलक घटातील पटलाची व कार्बनची हानी करतात. उत्तम उत्प्रेरकाने ऑक्सिजनच्या अणूंमधील बंध तोडला पाहिजे आणि तयार झालेले मध्यस्थ घटक फार घट्ट धरून न ठेवता सोडूनही दिले पाहिजेत.

या दुहेरी अपेक्षेचे गणित नॉरस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडले. पृष्ठभाग ऑक्सिजनला किती बळाने बांधतो आणि तो किती सक्रिय आहे, यांचा आलेख ज्वालामुखीच्या आकाराचा येतो. प्लॅटिनम त्याच्या शिखराजवळ आहे, शिखरावर नाही. पुढील अभ्यासांतून असे दिसून आले की, हायड्रॉक्सिल आणि हायड्रोपेरॉक्सिल या दोन मध्यस्थांच्या बंधऊर्जांतील अंतर निरनिराळ्या पृष्ठभागांवर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकेच राहते. आदर्श उत्प्रेरकासाठी ते २.४६ असावयास हवे. या तफावतीमुळे उत्तमोत्तम पृष्ठभागावरही सुमारे ०.३५ ते ०.४ व्होल्टचा अतिविभव सोसावा लागतो. हे बंधन धातूंइतकेच ऑक्साइडांनाही लागू पडते. ऑक्साइड स्वस्त असेल, परंतु केवळ ऑक्साइड असल्यामुळे या बंधनातून त्याची सुटका होत नाही. नव्या ऑक्साइडाची महती सांगणाऱ्या निबंधांत या मुद्द्याचा उल्लेख क्वचित आढळतो.

विस्मरणात गेलेला इतिहास

ऑक्साइडांचा कॅथोडसाठी वापर ही नवी कल्पना नाही. फ्रान्सिस बेकन यांनी केंब्रिज येथे विकसित केलेल्या आणि १९५९ मध्ये प्रात्यक्षिकासह दाखविलेल्या अल्कली इंधन घटात ऑक्सिजनच्या बाजूला लिथियममिश्रित निकेल ऑक्साइड होते. शुद्ध निकेल ऑक्साइड विजेचे दुर्वाहक आहे. लिथियम मिसळल्याने ते संवाहक बनते आणि खालील निकेलचे गंजण्यापासून रक्षणही करते. अपोलो यानांना वीज पुरविणारे घट याच आराखड्यावर आधारित होते. म्हणजे १९६९ मध्ये मानव चंद्रावर उतरला, तेव्हा यानातील ऑक्सिजनचे क्षपण एका धातू-ऑक्साइडाच्या पृष्ठभागावर होत होते. मात्र त्या घटाचे तापमान सुमारे २०० अंश सेल्सिअस होते, विद्युत् विच्छेद्य म्हणून अतिसंहत पोटॅशियम हायड्रॉक्साइड होते आणि ऑक्सिजन शुद्ध होता.

त्यानंतर १९७० मध्ये मेडोक्रॉफ्ट यांनी स्ट्राँशियममिश्रित लॅन्थॅनम कोबाल्टाइट हे पेरोव्हस्काइट ऑक्साइड अल्कली माध्यमातील स्वस्त ऑक्सिजन-अग्र म्हणून सुचविले. घन-ऑक्साइड इंधन घटांत स्ट्राँशियममिश्रित लॅन्थॅनम मँगनाइट हा कॅथोडचा प्रस्थापित पदार्थ आहे. तेथे तापमान ६०० ते १००० अंशांच्या घरात असते आणि प्लॅटिनमची गरजच भासत नाही. झिंक-एअर घटांत, उदाहरणार्थ श्रवणयंत्राच्या छोट्या घटात, हवेच्या बाजूला कार्बनसोबत मँगनीज ऑक्साइड वापरले जाते.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. ऑक्साइडे यशस्वी ठरली ती उच्च तापमानात, किंवा अल्कली माध्यमात आणि माफक प्रवाहावर. ‘ऑक्साइड उत्प्रेरक आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर केव्हाच मिळालेले आहे. प्रश्न आहे तो ‘कोणत्या घटासाठी?’ हा.

माध्यमाची कसोटी

मोटारीत व बसमध्ये वापरला जाणारा इंधन घट प्रामुख्याने प्रोटॉन-विनिमय पटलाचा असतो. तो ६० ते ८० अंश तापमानात चालतो आणि त्याचे पटल तीव्र आम्लधर्मी असते. या आम्लात, कॅथोडच्या विभवाला, मँगनीज, कोबाल्ट व निकेल यांची बहुतेक ऑक्साइडे विरघळतात. विरघळलेले धातू-आयन पटलातील प्रोटॉनांची जागा घेतात आणि पटलाची संवाहकता घटवितात. याउलट टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम व टँटलम यांची ऑक्साइडे आम्लात टिकतात, परंतु ती दुर्वाहक आहेत आणि त्यांचा पृष्ठभाग ऑक्सिजनच्या बाबतीत जवळजवळ निष्क्रिय आहे. जे सक्रिय ते टिकत नाही आणि जे टिकते ते सक्रिय नाही, असा हा पेच आहे.

तो सोडविण्याचा प्रामाणिक प्रयत्न योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातील केन-इचिरो ओता यांच्या गटाने केला. टँटलम व झिर्कोनियमच्या कार्बोनायट्राइडांचे अंशतः ऑक्सिडीकरण करून त्यांनी पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या रिक्त जागा निर्माण केल्या आणि आम्ल माध्यमातच चाचण्या घेतल्या. मिळालेला प्रवाह प्लॅटिनमच्या तुलनेत पुष्कळच कमी होता. तरीही प्रश्न जेथे आहे तेथेच त्यांनी तो विचारला, हे या कार्याचे मोल आहे.

बहुसंख्य निबंधांत मात्र चाचणी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या ०.१ मोलर द्रावणात होते आणि प्रस्तावनेत उदाहरण हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीचे दिले जाते. ही सांगड तपासून पाहावी लागेल. अल्कली पटलाचे इंधन घट आहेत व त्यांवर गंभीर काम चालू आहे. परंतु तेथे दुसराच प्रश्न उभा राहतो. प्लॅटिनमवरील हायड्रोजनचे ऑक्सिडीकरण आम्लाच्या तुलनेत अल्कली माध्यमात सुमारे शंभरपट मंद होते. म्हणजे कॅथोडवरील प्लॅटिनम वाचवावे, तर अॅनोडवर ते वाढवावे लागण्याची शक्यता असते. शिवाय हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडमुळे कार्बोनेट तयार होते ते वेगळेच. घट दोन अग्रांचा असतो. एका अग्राचा हिशेब मांडून संपूर्ण घटाची बचत जाहीर करता येत नाही.

या बाबतीत दूरचे उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही. अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी विकसित केलेल्या वायुनिरपेक्ष प्रणोदन प्रणालीच्या जमिनीवरील नमुन्याची मार्च २०२१ मध्ये यशस्वी चाचणी झाली. या प्रणालीत फॉस्फोरिक आम्लाचे इंधन घट आहेत. सर्वसाधारणपणे १५० ते २०० अंश तापमानाला व संहत आम्लात चालणाऱ्या या प्रकारच्या घटात मँगनीज किंवा कोबाल्टचे ऑक्साइड टिकण्याची अपेक्षा करता येणार नाही.

‘पृष्ठभाग’ म्हणजे नेमके काय?

या विषयातील सर्वाधिक प्रभावी निबंधांपैकी एक २०११ मध्ये सुंतिविच, शाओ-हॉर्न, गुडइनफ व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. पंधरा पेरोव्हस्काइट ऑक्साइडांची तुलना करून त्यांनी दाखविले की, धातूच्या ई-जी नावाच्या कक्षकांतील इलेक्ट्रॉनांची संख्या एकच्या आसपास असेल, तर सक्रियता सर्वाधिक असते. लॅन्थॅनम क्रोमाइटमध्ये ही संख्या शून्य आणि लॅन्थॅनम फेराइटमध्ये दोन आहे. दोन्ही मागे पडतात. लॅन्थॅनम मँगनाइट व लॅन्थॅनम निकेलेट आघाडीवर राहतात. या निबंधाने अंदाजपंचे शोधाला एक तत्त्व दिले, हे निःसंशय. तुलना ऑक्साइडाच्या प्रत्यक्ष क्षेत्रफळामागे केलेली होती, ही त्याची आणखी एक जमेची बाजू.

परंतु ही इलेक्ट्रॉन-संख्या स्फटिकाच्या अंतर्भागाची आहे. विक्रिया होते ती पृष्ठभागावर, जेथे धातू-अणूभोवतीचा अष्टफलक अपुरा असतो, हायड्रॉक्सिल गट चिकटलेले असतात आणि स्ट्राँशियमसारखे घटक आतून वर येऊन साचतात. एखाद्या संख्येचा सक्रियतेशी सहसंबंध असणे वेगळे आणि ती सक्रियतेचे कारण असणे वेगळे. मूळ लेखकांपेक्षा त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी हा भेद अधिक पुसला आहे.

त्याहून चिंताजनक प्रथा ऑक्सिजनच्या रिक्त जागांविषयीची आहे. क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटात ५३१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास दिसणारे शिखर म्हणजे रिक्त जागांचा पुरावा, असे असंख्य निबंधांत लिहिलेले आढळते. जी जागा रिक्त आहे तेथे ऑक्सिजनचा अणूच नाही. मग त्या जागेतून ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन बाहेर कसा पडेल? हे शिखर प्रामुख्याने पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल, कार्बोनेट व अधिशोषित पाणी यांचे असू शकते. क्ष-किरण विवर्तन अंतर्भागाविषयी सांगते आणि प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपट निर्वातात ठेवलेल्या कोरड्या नमुन्याविषयी. द्रावणात बुडालेल्या, विभवाखाली असलेल्या पृष्ठभागाविषयी यांपैकी कोणीही थेट साक्ष देत नाही. शीर्षकात ‘पृष्ठभाग’ हा शब्द योजणाऱ्याने ही मर्यादा निदान नोंदविली पाहिजे.

कार्बनचा वाटा

बहुतेक ऑक्साइडे विजेची दुर्वाहक किंवा अर्धसंवाहक असल्याने त्यांच्या शाईत कार्बनची पूड मिसळतात. हा कार्बन केवळ तारेचे काम करतो, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः अल्कली माध्यमात कार्बन स्वतःच ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉनांनी क्षपण करून पेरॉक्साइड तयार करतो.

येथे आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एका प्रयोगाची आठवण करून द्यावीशी वाटते. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर मँगनीज डाय-ऑक्साइड टाकले की ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. उत्प्रेरणाचा हा पहिला धडा आपण वर्षानुवर्षे देत आलो आहोत. नेमके हेच कार्बन-ऑक्साइडाच्या थरात घडू शकते. कार्बन पेरॉक्साइड तयार करतो, ऑक्साइड त्याचे विघटन करते, सुटलेला ऑक्सिजन पुन्हा कार्बनवर क्षपित होतो. फिरत्या कडी-चकती अग्रावर मोजणी केली तर कडीपर्यंत पेरॉक्साइड पोहोचतच नाही आणि आकडा ‘चार इलेक्ट्रॉन’ असा येतो. प्रत्यक्षात ऑक्साइडाने ऑक्सिजनला स्पर्शही केलेला नसेल. विघटनात मुक्त होणारी ऊर्जा विजेऐवजी उष्णतेच्या रूपाने वाया जाते, हा तोटा या आकड्यात दिसत नाही. स्ट्रासबर्ग व मॉस्को येथील संशोधकांनी २०१२ मध्ये पेरोव्हस्काइट-कार्बन मिश्रणातील कार्बनची ही दुहेरी भूमिका स्पष्टपणे मांडली.

स्टॅनफर्ड येथील होंगजिए दाई यांच्या गटाने २०११ मध्ये कोबाल्ट ऑक्साइड व नायट्रोजनयुक्त ग्राफीन यांच्या संकराचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात कोबाल्ट ऑक्साइड किंवा ग्राफीन ऑक्साइड एकेकटे फारसे सक्रिय नसून त्यांचा संकर मात्र अतिशय सक्रिय असल्याचे लेखकांनीच नमूद केले आहे. ही नोंद नियंत्रण-प्रयोगाचे महत्त्व सांगणारी आहे. तिचे अनुकरण व्हावयास हवे होते. झाले ते संकराचे.

मापनाची कसोटी

फिरत्या चकतीवरील चाचणी सोयीची आहे, पण तिच्या मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. २५ अंश तापमानाला ऑक्सिजनने संपृक्त केलेल्या ०.१ मोलर अल्कली द्रावणात ऑक्सिजनची संहती लिटरला सुमारे १.२ मिलिमोल असते. त्यामुळे मिनिटाला १६०० फेऱ्यांच्या वेगाला प्रवाह चौरस सेंटिमीटरला सहा मिलिअँपिअरच्या आतच थांबतो. मोटारीतील घटाच्या कॅथोडला हजार मिलिअँपिअर व त्याहून अधिक प्रवाह द्यावा लागतो. शिवाय अर्धलाट-विभव चकतीवर किती उत्प्रेरक ठेवला यावर अवलंबून असतो. तुलनेतील प्लॅटिनम वीस मायक्रोग्रॅम आणि ऑक्साइड कित्येक पटींनी अधिक ठेवून ‘दोहोंचा विभव जवळपास सारखा’ असे म्हणण्यात न्याय नाही. समोरचे अग्र प्लॅटिनमचे असेल, तर त्यातून विरघळलेले प्लॅटिनम नमुन्यावर बसून त्याला उसनी सक्रियता देऊ शकते. अशा वेळी ग्रॅफाइटचे अग्र वापरणे इष्ट.

गास्टाइगर व सहकाऱ्यांनी २००५ मध्येच बजावले होते की, उत्प्रेरक फुकट मिळाला तरी त्याची आकारमानामागील सक्रियता प्लॅटिनम उत्प्रेरकाच्या किमान एक-दशांश असली पाहिजे. अन्यथा थर इतका जाड होतो की त्यातून वायू व आयन पोहोचत नाहीत. ७०० ते १००० अंशांना भाजलेल्या पेरोव्हस्काइटचे क्षेत्रफळ ग्रॅमला बहुधा काही चौरस मीटर इतकेच भरते. स्वस्तपणा हा एकमेव निकष मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

निष्पक्षतेसाठी उलट बाजूही सांगितली पाहिजे. वुहान व कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी २०१९ मध्ये मँगनीज-कोबाल्ट स्पिनेल ऑक्साइडाचा कॅथोड प्रत्यक्ष अल्कली पटलाच्या घटात वापरला. ६० अंश तापमानाला त्यांनी चौरस सेंटिमीटरला १.१ वॉट इतकी शक्ती मिळविली आणि उच्च प्रवाहाला तो कॅथोड प्लॅटिनमच्या कॅथोडहूनही सरस ठरला. फिरत्या चकतीवर मात्र हेच ऑक्साइड प्लॅटिनमच्या मागे होते. प्रत्यक्ष घटात, विशेषतः आर्द्रता कमी असताना, पाण्याच्या रेणूला सक्रिय करण्याचा कोबाल्टचा गुण उपयोगी पडला, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. चकतीवरील निकाल दोन्ही दिशांनी फसवू शकतो, हे यातून दिसून येते. ऑक्साइडांचा खरा कैवार घ्यावयाचा, तर तो अशा घटातील पुराव्याने घ्यावा लागेल.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेची भूमिका

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, ग्रामीण वा निमशहरी महाविद्यालयात इंधन घटाचे चाचणी-केंद्र कोठून आणावयाचे? आक्षेप रास्त आहे. परंतु साधने मर्यादित असली तर दावाही तितकाच मर्यादित ठेवता येतो, आणि काही महत्त्वाची मापने अल्प खर्चातही होऊ शकतात.

पहिले, पेरॉक्साइडच्या विघटनाचा वेग. ब्युरेट, स्थिर तापमानाचे जलकुंड आणि पोटॅशियम परमँगनेटचे प्रमाणित द्रावण एवढ्या साहित्यावर, केवळ कार्बन, केवळ ऑक्साइड व दोहोंचे मिश्रण यांचे वेगस्थिरांक काढता येतात. वरील ‘चार इलेक्ट्रॉनां’चा किती भाग विघटनामुळे असू शकेल, याचा अंदाज त्यातून येतो. दुसरे, आम्लातील विद्राव्यता. ऑक्साइड ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात काही दिवस ठेवून, गाळून, द्रावणातील मँगनीज पेरायोडेटने परमँगनेटमध्ये रूपांतरित करावे व ५२५ नॅनोमीटरला वर्णमापकाने मोजावे. विभवाखालील टिकाऊपणा यातून कळणार नाही. पण जे ऑक्साइड या पहिल्याच पायरीवर विरघळते, त्याच्या निबंधात प्रोटॉन-विनिमय पटलाच्या घटाचा उल्लेख करण्याचे कारण उरत नाही. तिसरे, प्रत्येक आलेखासोबत तितक्याच वजनाच्या निव्वळ कार्बनचा आलेख देणे.

यांतील एकही प्रयोग पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शोधनिबंधांना गुणांकन जोडल्यापासून संख्येचा दबाव वाढला, हे आपण सर्व जाणतो. त्या दबावाखाली नवे ऑक्साइड बनविणे सोपे आणि जुन्या दाव्याची फेरतपासणी करणे अवघड झाले. परिणामी विद्यार्थी पाच-सहा वर्षे खर्ची घालतो आणि त्याच्या हाती एक असा आकडा उरतो, ज्याची दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी तुलनाच होऊ शकत नाही. आपल्यासारख्या महाविद्यालयीन नियतकालिकांच्या परीक्षकांनी वरील तीन गोष्टींची मागणी केली आणि ‘हे ऑक्साइड आम्लात टिकले नाही’ असा नकारात्मक निष्कर्षही प्रकाशनयोग्य मानला, तर ही स्थिती बदलू शकेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, धातू-ऑक्साइडे ऑक्सिजनच्या क्षपणाची खरीखुरी उत्प्रेरके आहेत. घन-ऑक्साइड घट, झिंक-एअर घट व अल्कली पटलाचे घट ही त्यांची क्षेत्रे आहेत. तीव्र आम्लाच्या घटात मात्र सक्रियता व स्थैर्य यांचा पेच अद्याप सुटलेला नाही. म्हणून निबंधाच्या अखेरीस लिहावयाचे वाक्य माध्यम, तापमान, कार्बनचा वाटा आणि क्षेत्रफळामागील सक्रियता यांसह लिहिले जावे. ‘०.१ मोलर अल्कलीत, इतक्या वजनाला, कार्बनचा वाटा वजा करता, या ऑक्साइडाची सक्रियता प्लॅटिनमच्या इतकी आहे’ असे विधान ‘स्वस्त पर्याय’ या शब्दांपेक्षा कमी आकर्षक वाटेल. परंतु पुढच्या विद्यार्थ्याला त्यावर आपले काम उभारता येईल.